सिल्डेनाफिल आणि सॉर्बिट्रेट: एक धोकादायक जोडी

व्हायग्रा या नावाने जगप्रसिद्ध झालेले सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयशूळ आणि उच्च रक्तदाब यांवरील उपचारासाठी शोधण्यात आले होते, आणि एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर त्याच्या गुणाइतकाच त्याच्या धोक्याचाही उलगडा होतो. इंग्लंडमधील सँडविच येथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत 1989 मध्ये हा रेणू तयार झाला. हृदयरोगावर तो फारसा उपयोगी पडला नाही, परंतु वेल्समधील मर्थर टिडफिल येथील चाचणीत स्वयंसेवकांनी एक अनपेक्षित परिणाम नोंदवला आणि संशोधनाची दिशाच पालटली. मार्च 1998 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लिंगाला ताठरता न येण्याच्या तक्रारीवर या गोळीला मान्यता दिली. भारतात त्या काळी पेटंट औषधाच्या रेणूवर नसून तो बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळत असल्याने 2001 पासूनच देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. नियमानुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीच नव्हे, तर कोणत्याही गावातील मेडिकलमध्ये ती हळू आवाजात मागितली जाते आणि बहुतेक वेळा मिळतेही.

लैंगिक उत्तेजनाच्या वेळी लिंगातील चेतातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात. त्यामुळे पेशींत सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैलावतात आणि रक्ताचा ओघ वाढतो. काम झाले की पीडीई-5 हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, सीजीएमपीचे विघटन करते. सिल्डेनाफिल या विकराला अडवते. मात्र हे विकर शरीरातील इतर रक्तवाहिन्यांतही असल्याने त्याही थोड्या रुंदावतात. 100 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने वरचा रक्तदाब सरासरी 8 आणि खालचा 5 मिलिमीटरने उतरतो. निरोगी माणसाला हा फरक बहुधा जाणवतही नाही. अम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी नियमित घेणाऱ्यांतही उतार साधारण तेवढाच असतो, म्हणून केवळ बीपीची गोळी चालू आहे एवढ्यावरून हे औषध वर्ज्य ठरत नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन घेणाऱ्याला मात्र उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रक्तवाहिन्या रुंदावण्याचा हाच गुण फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या उच्च दाबावर उपयोगी पडतो, आणि त्या विकारासाठी सिल्डेनाफिलला 2005 मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली.

खरे संकट सुरू होते ते नायट्रेट वर्गातील औषधाशी गाठ पडल्यावर. सॉर्बिट्रेट हे त्यांतले घरोघरी परिचित नाव. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची म्हणून अनेक ज्येष्ठांच्या खिशात ही गोळी असतेच. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवते, म्हणजेच सीजीएमपी वाढवते, तर सिल्डेनाफिल त्याचे विघटन रोखते. डोंबिवलीतील एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर पंपाने टाकी भरणे चालू आहे आणि खाली जाणारा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद करून ठेवला आहे, अशी कल्पना केली तर पुढे काय होईल हे सांगावे लागत नाही: दोन्ही गोष्टी एकेकट्या निरुपद्रवी, पण एकत्र आल्या की टाकी वाहू लागते. शरीरात याचा अर्थ असा की रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि आधीच दुखावलेल्या हृदयाला रक्त कमी पडते. म्हणूनच सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान 24 तास आणि त्याच वर्गातील टॅडालाफिल घेतल्यावर 48 तास नायट्रेट निषिद्ध मानले जाते. शनिवारी रात्री टॅडालाफिल घेतलेला गृहस्थ सोमवारी सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीत छाती धरून बसला आणि एखाद्या सहप्रवाशाने चांगल्या हेतूने सॉर्बिट्रेट पुढे केली, तर तो काळ अजून उलटलेला नसतो. निकोरँडिल या हृदयरोगावरील गोळीतही नायट्रेटचा अंश आहे, हे तर रुग्णांच्या सहसा गावीही नसते.

या नायट्रेट औषधांचा इतिहास एखाद्या नाटकात शोभावा असा आहे. रसायनशास्त्रज्ञ सोब्रेरोने 1847 मध्ये तयार केलेल्या नायट्रोग्लिसरिनपासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट बनवले, आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच्याच हृदयविकारावर डॉक्टरांनी तेच नायट्रोग्लिसरिन सुचवले, तेव्हा नियतीच्या या थट्टेची नोंद त्याने एका पत्रात केली. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते, हे फेरिद मुराद यांनी 1977 मध्ये दाखवले आणि 1998 मध्ये, म्हणजे व्हायग्राला मान्यता मिळाली त्याच वर्षी, फर्चगॉट आणि इग्नारो यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तवाहिन्यांचे अस्तर सोडते तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच आहे, असा सबळ पुरावा 1987 मध्ये मांडणारे होंडुरासचे साल्वादोर मोंकादा मात्र पारितोषिकाच्या तिघांच्या मर्यादेबाहेर राहिले. या विषयाच्या कोणत्याही प्रामाणिक इतिहासात त्यांचे नाव पहिल्या ओळीत असायला हवे.

मथळ्यांतील भीतीकडेही थोडे संशयाने पाहायला हवे. नागपुरातील चाळिशीच्या एका पुरुषाने मद्यासोबत सिल्डेनाफिलच्या दोन गोळ्या घेतल्या आणि त्यानंतर त्याचा मृत्यू झाला, ही न्यायवैद्यक नियतकालिकातील नोंद 2023 मध्ये वृत्तपत्रांतून गाजली. मृत्यूचे कारण मेंदूतील रक्तस्राव होते. असा रक्तस्राव बहुधा वाढलेल्या रक्तदाबाशी निगडित असतो, गोळी तर तो उतरवते, आणि शवविच्छेदनात हृदयाच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या होत्या. एका विरळ घटनेवरून गोळीला आरोपी ठरवता येत नाही. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या उच्च रक्तदाबाकडे आणि मद्याकडे मात्र बोट नक्कीच जाते. याउलट लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या 'शक्तिवर्धक' जाहिरातींना कोणी घाबरत नाही, जरी अशा 'वनस्पतीजन्य' म्हणवणाऱ्या अनेक उत्पादनांत न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार सापडले आहे. असे चूर्ण घेणाऱ्याला आपण काय घेतले हेच माहीत नसते. मग तो डॉक्टरांना काय सांगणार?

डॉक्टरांकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे: लिंगाकडे जाणाऱ्या रोहिण्या 1 ते 2 मिलिमीटर रुंद, तर हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटर. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा विकार आधी तिथे दिसतो आणि हृदयविकाराची लक्षणे पुष्कळदा काही वर्षांनी येतात. म्हणजे जी तक्रार मेडिकलच्या काउंटरवर गुपचूप मिटवली जाते, तीच बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेण्याचे उत्तम निमित्त असते. त्याच भेटीत चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, आणि छातीत दुखून रुग्णालयात जाण्याची वेळ आलीच तर सिल्डेनाफिल कधी घेतले हे तेथील डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे. नायट्रेट टाळून उपचार करण्याचे मार्ग त्यांच्याकडे असतात, पण माहितीच नसेल तर ते वापरले जात नाहीत.