विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं?



देवळाली कॅम्पची थंडी आपल्याला नवी नाही. जानेवारीत पहाटे पारा ८-१० अंशांवर उतरतो, आणि तरी विहिरीतून शेंदलेलं पाणी हाताला कोमट लागतं. मे महिन्यात तेच पाणी गारेगार. खरं तर पाण्याचं तापमान फारसं बदललेलं नसतं. बदललेली असते आपल्या भोवतीची हवा.

उन्हाची धग जमिनीत उतरते, पण फार सावकाश, आणि उतरता उतरता विरत जाते. १०-१५ मीटर खाली गेलं की उन्हाळा-हिवाळा जवळजवळ कळतच नाही. तिथलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. नाशिक परिसरात ही सरासरी २४-२५ अंश आहे. जमीन त्याहून किंचित उबदार असू शकते.

आपला काळा पाषाण लाव्ह्याचा, मग त्यात अजून आच असेल का? नाही. हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि कधीच निवला. वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम कुंडं वेगळी. तिथलं पाणी भेगांतून खूप खोल जाऊन तापून वर येतं. आज आम्ही बोलतोय ते आपल्या पायाखालच्या पहिल्या शे-दोनशे मीटरांबद्दल.

ही उथळ जमीन कामाला लावता येते. आपला फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. एसी ती रस्त्यावर टाकतो, म्हणून त्याच्या बाहेरच्या पेटीजवळ उभं राहवत नाही. हीट पंप नावाचं यंत्र हीच उष्णता बोअरमधल्या नळ्यांतून जमिनीत सोडतं. चाळीस अंशांच्या हवेत उष्णता टाकण्यापेक्षा पंचवीस अंशांच्या जमिनीत टाकणं सोपं, म्हणून वीज कमी लागते. युरोपातल्या थंड देशांत याच यंत्राने जमिनीतली ऊब काढून घरं गरम करतात.

पण शहराखालची जमीन शेताखालच्या जमिनीसारखी राहत नाही. डांबर, काँक्रीट, तळघरं, गटारं, भुयारी रेल्वे, सगळ्यांची उष्णता खाली झिरपते. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या मध्यभागी भूजल आसपासच्या गावांपेक्षा ४-५ अंशांनी गरम आढळलं आहे. अमेरिकेतल्या शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी दीडशेहून अधिक तापमापक तळघरांत, बोगद्यांत आणि तुलनेसाठी एका बागेत बसवले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गजबजलेल्या भागाखालची जमीन बागेपेक्षा काही ठिकाणी १० अंशांपर्यंत गरम निघाली. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात तर २०२० पासून भुयारी रेल्वेची गरम हवा वापरून शेकडो घरांना ऊब पुरवतात.

जमिनीच्या पोटातली ही उष्णता डोळ्यांना दिसत नाही. मग तिचा अंदाज कसा बांधायचा? त्यासाठी संगणकावर प्रतिरूप करतात. नारळाच्या वड्या थापून आपण सुरीने चौकोन पाडतो ना, तशा जमिनीच्या वड्या पाडायच्या. फक्त एकावर एक थरांत. प्रत्येक वडीला सांगायचं, तुझ्यात मुरूम आहे की पाषाण, पाणी आहे का, ते कुठे वाहतं, डोक्यावर झाड आहे की इमारत. मग प्रत्येक वडी शेजारणीला किती उष्णता देईल याचं गणित संगणक वर्षामागून वर्ष करत जातो. शिकागोच्या प्रतिरूपात १९५१ ते २०५१ अशा शंभर वर्षांचा हिशेब होता. शेवटी उत्तर खऱ्या मोजमापांशी ताडून बघतात. मोजमापच नसेल, तर ते प्रतिरूप म्हणजे नुसतं रंगीत चित्र.

आपल्याला याची गरज का? बोअरवेलचा धडा आठवा. एकाने खोल खणली, शेजाऱ्याने त्याहून खोल, आणि उथळ विहिरी कोरड्या पडल्या. उष्णतेचंही तसंच होऊ शकतं. आपल्या पाषाणात पाणी भेगांतून वाहतं आणि उष्णता सोबत नेतं. एका इमारतीने जमिनीत सोडलेली धग पुढच्या विहिरीत पोचू शकते. शिवाय आपल्याकडे थंडी थोडे दिवस आणि उन्हाळा लांब. वर्षानुवर्षं उष्णता नुसती टाकत राहिलो आणि काढली नाही, तर जमीन तापत जाईल आणि यंत्राचा फायदाही घटेल. यावर एक चांगला तोड आहे: तीच उष्णता आंघोळीच्या पाण्याला वापरायची. वसतिगृहं, रुग्णालयं, आरोग्यभवनं यांना बारा महिने गरम पाणी लागतं. गारवा आणि गरम पाणी दोन्ही लागतं, तिथे हिशेब बराचसा जुळतो.

म्हणून उद्या कुणी तुमच्या सोसायटीला अशी योजना सुचवली, तर तीन प्रश्न विचारा. इथल्या जमिनीचं तापमान मोजलंय का? वर्षाला किती उष्णता टाकणार आणि किती काढणार? वीस वर्षांनी शेजारच्या विहिरीचं काय होईल?

आणि मोजायला आपणही सुरुवात करू शकतो. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ अंशांखालचं दाखवत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा शंभर अंशांचा घ्या. बादली खोल बुडवून पाणी काढा, कारण वरचं पाणी उन्हाने तापलेलं असतं. बोअर असेल तर पंप थोडा वेळ चालू द्या, मग मोजा. कठड्यावरून वाकू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. सावलीत, लगेच मोजा. तारीख, वेळ, पाण्याची खोली आणि तापमान वहीत लिहा. जानेवारीत एकदा, मे महिन्यात एकदा.

कॅम्पातली, भगूरची, विहितगावची जुनी विहीर पाणी भरायला लागत नाही म्हणून बुजवायला निघाले, तर एवढं सांगा: ही विहीर म्हणजे जमिनीच्या पोटात डोकावायची आयती खिडकी आहे. एकदा बुजली की तिथलं तापमान मोजायला नवं बोअर पाडावं लागेल, आणि त्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतील.