कोयत्याचं, सुरीचं सुटलेलं कोटिंग: कधी काढायचं, कसं काढायचं आणि नंतर पातं कसं जपायचं



दुकानातून आणलेल्या कोयत्याला, विळ्याला, केळीच्या घडाच्या सुरीला हल्ली काळा नाहीतर हिरवा लेप दिलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत हा लेप धारेजवळ सुटतो, पापुद्रे निघतात, खालून तांबूस डाग डोकावतो. मग प्रश्न येतो, "सगळं घासून काढू का? चुलीत टाकून जाळू का?" हंगामाच्या तोंडावर हत्यारं बाहेर निघतायत, म्हणून आज याच विषयावर सविस्तर.

*आधी तीन गोष्टी. चुलीत टाकू नका. पूर्ण पातं उघडं करायची बहुतेक वेळा गरज नसते. आणि जेवढं उघडं कराल तेवढ्याला पुढे कायम तेल लावावं लागेल.*

शेतीच्या हत्याराचं पोलाद सहसा साधं कार्बनचं असतं. धार चांगली घेतं, धारेच्या दगडावर लवकर बसतं, पण गंजतं. लेप असतो तो गंज रोखायला आणि दुकानात हत्यार चांगलं दिसायला. धारेला त्याचा काही उपयोग नाही, कारण पहिल्यांदा कानस मारली की धारेवरचा लेप तसाही जातो. त्यामुळे लेप घट्ट बसलेला असेल तर त्याला हात लावू नका. अडचण अर्धवट सुटलेल्या लेपाची आहे. पापुद्र्याखाली उसाचा रस, केळीचा चीक, माती आणि ओल अडकून राहते. उघड्या पात्यावरचा गंज आपल्याला दिसतो, पुसता येतो. पापुद्र्याखालचा दिसत नाही आणि तिथे पातं खड्ड्याखड्ड्याने खातो. दुसरं असं की उसात खोडव्याची वाढ खुंटवणारा रोग तोडणीच्या हत्यारावरून एका बेटातून दुसऱ्यात जातो. बेणं तोडायच्या कोयत्यावर असे रस साठणारे कोपरे असतील तर तो कोयता निर्जंतुक करणंही अवघड होतं. डाळिंबवाल्यांना तेल्यामुळे हे वेगळं सांगायला नको.

*तुमच्या पात्यावर कोणता लेप आहे?*

लेप कोणता ते कळल्याशिवाय काहीही ओतू नका. कापसाच्या बोळ्यावर थोडा थिनर घेऊन पाठीजवळच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट चोळा. बोळ्यावर रंग उतरला तर तो साधा रंग किंवा वार्निश आहे, थिनरनेच निघेल. काहीच उतरलं नाही आणि लेप नखाला जाड, प्लास्टिकसारखा लागतो, तर ते भट्टीत भाजलेलं पावडर कोटिंग. ते थिनरला दाद देत नाही. नखाला जाडी लागतच नाही, पातं नुसतं काळं आहे, तर ती पोलादावरच रसायनाने आणलेली काळी झाक असते. ती काढून फायदा काहीच नाही, राहू द्या.

पातं आरशासारखं चकचकीत असेल आणि चांदीच्या वर्खासारखे धारदार पापुद्रे निघत असतील तर तो क्रोमचा मुलामा. हा घरी काढायचा नाही. घासू नका, ॲसिडात टाकू नका. क्रोमचे काही क्षार शरीराला घातक असतात. असं हत्यार बदललेलं बरं.

आणखी एक प्रकार जुन्या वाड्यातल्या, आजोबांच्या काळातल्या हत्यारांचा. त्यांच्यावर तांबडा-नारिंगी रंग दिसतो. लोखंडाला गंज लागू नये म्हणून पूर्वी शेंदराचा, म्हणजे शिशाचा अस्तर-रंग लावत. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका. त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांना सर्वांत जास्त बाधते. गुरांनाही जपा, जुन्या रंगाचे पापुद्रे गुरं चाटतात आणि त्यातून विषबाधा होते.

*चूल आणि ग्राइंडर*

चुलीत टाकलं की रंग पाच मिनिटांत जळतो, हे खरं. पण लोहाराने पात्याला दिलेलं पाणीही त्याच पाच मिनिटांत उतरतं. कडक पोलाद तापवलं की आधी गवती पिवळं दिसतं, मग जांभळं, आणि ३०० अंशांच्या आसपास निळं. छाटणीच्या चाकूसारखं कडक पातं निळं पडलं म्हणजे धार मऊ झाली, आता ती टिकणार नाही. कोयत्याचं पोलाद मुळातच थोडं लवचीक ठेवलेलं असतं, तो निळ्या रंगापर्यंत तग धरतो. पण निखाऱ्यात लाल झालेला कोयता वाया गेलाच म्हणून समजा. उसाच्या कांडीवर मारला की धार वळते. पुन्हा पाणी द्यायला लोहाराकडे जावं लागतं, आणि कारखान्यातल्या पात्याचं पोलाद नक्की कोणतं हे त्यालाही माहीत नसतं. शिवाय जळणाऱ्या कोटिंगचा धूर स्वयंपाकघरात भरतो तो वेगळाच.

वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरचंही तेच. पाठीवर ठीक आहे, पण धार पातळ असते आणि दोन सेकंदांत तापते. ठिणग्या उडताना काम झटपट झाल्यासारखं वाटतं. हाताने घासायला तास लागेल, तरी हातानेच घासा. मशीन वापरायचीच असेल तर पातं उघड्या बोटांनी धरा आणि चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा.

*काढायचं कसं*

पहिलं काम धार झाकण्याचं. सायकलची जुनी ट्यूब लांबट कापून धारेवर चढवा, वरून चिकटपट्टी गुंडाळा. घासताना हात कापायची भीती असते, कारण नजर डागावर असते. पातं फळीवर सपाट ठेवा, हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी खिळे ठोका. हात पाठीकडून धारेकडे न्यायचा नाही, पात्याच्या लांबीने चालवायचा. धनुर्वाताच्या इंजेक्शनला बरीच वर्षं झाली असतील तर एकदा दवाखान्यात विचारून घ्या.

आता किती काढायचं ते ठरवा. धारेपासून दोन बोटं वरपर्यंतची पट्टी, आणि जिथे लेप सुटलाय ती जागा, एवढंच. पाठीकडचा आणि मुठीजवळचा घट्ट लेप ठेवा. मुठीत गेलेल्या लोखंडाला तुमचं तेल पोचत नाही, तिथे तो लेपच राखण करतो.

साधा रंग असेल तर थिनरने भिजवलेलं फडकं त्या पट्टीवर दहा मिनिटं ठेवून पुसा. काम अंगणात करा, बिडी आणि चूल दूर. पावडर कोटिंगला रंगाच्या दुकानात रिमूव्हर मिळतो, पण तो तिखट असतो. त्याने कातडी भाजते, बंद खोलीत वाफेने घेरी येते, आणि साधे पातळ हातमोजे त्याच्यापुढे टिकत नाहीत. दोन बोटांच्या पट्टीसाठी एवढा खटाटोप आमच्या मते नको. वॉटर पेपर घ्या. आधी १२० नंबर, मग २२०, शेवटी ४००. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, पाण्यात बुडवत घासा. ओलं घासलं की धूळ उडत नाही. जिथे लेप संपतो तिथली कड पेपरने उतरती करा. कड उभी राहिली तर तिथूनच पुन्हा पापुद्रा निघेल.

खाली गंज निघाला तर व्हिनेगर. किराणा दुकानात मिळतं तेच, फडकं भिजवून गंजावर गुंडाळा आणि दोन-तीन तास ठेवा. चिंचेचा कोळही चालतो, वेळ जास्त लागतो एवढंच. तासाभराने उघडून बघत राहा. रात्रभर विसरलात तर गंज जाईल, पण चांगलं पोलादही खाल्लं जाईल. नंतर तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे आंबट अंश मरतो, आणि लगेच कोरडं करा. लगेच म्हणजे त्याच मिनिटाला. ओलं, उघडं पोलाद तुम्ही चहा पिऊन येईपर्यंत पिवळं पडतं. संडास धुवायचं ॲसिड यासाठी कुणी सांगितलं तरी वापरू नका. त्याची वाफ छातीत जाते, पात्याला बारीक खड्डे पडतात आणि कडक पोलाद ठिसूळ होऊन धार तुटू शकते.

*हे डाळिंब आणि द्राक्षवाल्यांनी नीट वाचा.* छाटणीत हत्यारं बुडवायला घरात सोडियम हायपोक्लोराइट असतं. व्हिनेगर, चिंच किंवा कोणतंही ॲसिड त्यात मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये तो जिवावर बेततो. व्हिनेगरचं भांडं आणि हायपोक्लोराइटची बादली एका जागी ठेवू नका. व्हिनेगर लावलेलं पातं सोड्याने, मग स्वच्छ पाण्याने धुतल्याशिवाय बादलीत बुडवू नका.

घासलेला गाळ, पापुद्रे आणि थिनरची फडकी विहिरीजवळ, पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नका. जुन्या डब्यात गोळा करा, डबा गुरांपासून आणि मुलांपासून लांब.

*उघडं केलेलं पातं*

इथेच बहुतेक जण थांबतात, आणि महिन्याभराने पातं पूर्वीपेक्षा वाईट दिसतं. लेप काढला म्हणजे त्याचं काम आता तुमच्याकडे आलं.

फळं, भाजी, चारा कापायच्या पात्याला खोबरेल तेलाचा पातळ हात पुरतो. खोबरेल सहसा चिकट होत नाही. शेंगदाण्याचं, करडईचं, मोहरीचं तेल साठवणीत चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. इंजिनचं जळकं तेल फुकट मिळतं म्हणून लावू नका. त्यातला मळ झाडाच्या ताज्या कापावर, बेण्याच्या टोकावर आणि तुमच्या हातावर जातो. हंगाम संपल्यावर सहा महिने टांगून ठेवायचं असेल तर ग्रीस चालेल, वापरायच्या आधी पुसून काढा.

जवसाचं उकळलेलं तेल लाकडी मुठीला उत्तम, पात्याच्या पाठीलाही चालतं. ते सुकून पातळ कवच धरतं. दुकानातल्या तयार जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात, म्हणून खाण्याचं कापायच्या धारेला ते नको. आणि एक सावधगिरी, जी डब्यावर बारीक अक्षरात असते: जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात, काडी लावायला कुणी लागत नाही. फडकी मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. कडब्याच्या गंजीशेजारी तर नकोच.

काळा रंग हवाच असेल तर त्यालाही घरचा उपाय आहे. हिरडा किंवा बाभळीची साल पाण्यात उकळून गार करा. तेलकटपणा पूर्ण धुतलेलं पातं त्यात तासभर ठेवा. हिरड्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग धरतो, जुनी शाई याच मेळाने करत. कडक चहाच्या पाण्यानेही होतं, रंग जरा फिका येतो. या काळ्या थरावर तांबडा गंज थोडा उशिरा येतो, पण तेलाची सुट्टी मिळत नाही.

रोजचं काम एवढंच. ऊस किंवा केळी तोडल्यावर पातं धुवा, पुसा, तेलाचं बोट फिरवा. उसाचा रस पात्यावर राहिला की आंबतो आणि रात्रीतून खायला लागतो. हायपोक्लोराइट त्याहून वाईट, उघडं पोलाद त्यात बुडवत राहिलात तर संध्याकाळपर्यंत तपकिरी होतं. दिवसाचं काम संपल्यावर साध्या पाण्याने दोनदा खळबळून घ्या, मग तेल. दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी तेल पुसा, नाहीतर निर्जंतुकीकरणाचं पाणी पात्याला धरत नाही. ७० टक्के स्पिरिटने पुसलं तर पातं कमी गंजतं, पण ते पेट घेतं, तेव्हा शेकोटी किंवा बिडीजवळ नाही.

धार सर्वांत शेवटी लावायची. आधी लावून मग घासणारे बोटं कापून घेतात आणि धारही घालवतात. कोयत्याला कानस, छाटणीच्या चाकूला धारेचा दगड.

मूठ हलत असेल तर हे सगळं करण्याआधी रिबिट बदलून घ्या. आणि मुठीच्या टोकाला लाल किंवा पिवळ्या रंगाची पट्टी मारा. उसाच्या पाचटात पडलेला काळा कोयता पायालाच आधी सापडतो.

लेप कोणता ते कळत नसेल तर पात्याचे दोन फोटो पाठवा, एक पूर्ण आणि एक सुटलेल्या जागेचा जवळून. सोबत थिनरच्या बोळ्यावर रंग उतरला की नाही तेही लिहा. फोनवर बोलण्यापेक्षा फोटोवरून लवकर सांगता येतं.