तलावाकाठचे वन : पाखरांसाठी आणि माणसांसाठी

जालना शहराच्या उत्तरेस असलेला घाणेवाडीचा तलाव निजामकाळात बांधला गेला. बेजोनजी जालनावाला या दानशूर पारशी गृहस्थांचे नाव त्याच्या निर्मितीशी जोडलेले आहे. या तलावाचे पाणी पंपाविना, केवळ नैसर्गिक उताराने शहराकडे येईल अशी ती योजना होती. पुढे या जलाशयास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात नागरिकांनी पुढाकार घेऊन या तलावातील गाळ उपसला आणि तो शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेऊन टाकला. हे कार्य मोलाचे होते. परंतु गाळ येतो कोठून, हा प्रश्न सोडविल्याशिवाय ते पूर्णत्वास जात नाही.

गाळ आणि झाडे यांचा संबंध

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो व तोही मोजक्या दिवसांत. उघड्या माळावर पडलेले पाणी माती घेऊन धावते आणि तलावात येऊन थांबते. काठावर गवत, झुडपे व वृक्ष असे तिन्ही थर असतील, तर पाण्याचा वेग मंदावतो आणि माती वरच अडते. हेच थर पक्षी, सरडे, मुंगूस व फुलपाखरे यांचे घर असते. म्हणून काठाचे वन राखणे म्हणजे पिण्याच्या पाण्याची साठवण राखणे होय. राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत जालन्याची गणना होते, ही बाब येथे लक्षात घ्यावी.

कोणते झाड कोठे?

वृक्षारोपण म्हणजे दिसेल तेथे खड्डा खणून रोप लावणे नव्हे. पाण्यालगतचा पट्टा मोकळाच ठेवावा लागतो. तेथे लव्हाळा व पाणकणीस वाढते आणि उघड्या चिखलात तुतारी, शेकाट्या यांसारखे पक्षी चरतात. त्यावरील पट्ट्यात, जेथे पावसाळ्यात पाणी चढते, तेथे देशी बाभूळ, करंज, जांभूळ, अर्जुन हे वृक्ष तग धरतात. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर बगळे घरटी बांधतात. आणखी वर उंबर, वड, कडुनिंब, बोर, पळस यांना स्थान द्यावे. माळाचा काही भाग मात्र गवताळच राहू द्यावा, कारण तितर व चंडोल यांना दाट झाडी मानवत नाही.

लोणारचा धडा

मंठ्याच्या पलीकडे, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर २००० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. तेथे सरोवराच्या काठावर मूळची अमेरिका खंडातील वेडी बाभूळ माजली. नुसती तोडल्यास ती बुंध्यातून पुन्हा फुटते; म्हणून ती मुळासकट काढावी लागते आणि मोकळ्या झालेल्या जागी देशी वनस्पतींना वाव द्यावा लागतो. झटपट हिरवळीच्या मोहाने परदेशी झाडे लावणाऱ्यांनी हा अनुभव ध्यानी ठेवावा.

चराईचा प्रश्न

रोपे जगवायची तर गुरे आवरावी लागतात आणि त्याचा भार प्रथम गरीब पशुपालकांवर पडतो. याचे उत्तर जालना जिल्ह्यातच सापडते. कडवंची या गावी १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम झाले. या कार्यक्रमाची संकल्पना मांडण्यात येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांचा मोठा वाटा होता. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान हे त्याचे नियम. ते गावकऱ्यांनी स्वतः मान्य करावेत, असा आग्रह असे. चराई बंद केलेल्या जागेतील गवत कापून नेण्याचा हक्क पशुपालकांना दिला, तर कुंपणापेक्षा तो करारच रोपांचे अधिक रक्षण करतो.

माणसांना वाट

तलाव लोकांचा आहे. लोकांना तेथे जाता आलेच पाहिजे. मात्र संपूर्ण तलावाला वेढणारा सिमेंटचा रस्ता व रोषणाई केली, की पक्ष्यांना निवांत कोपरा उरत नाही. एका बाजूस पाऊलवाट द्यावी व दुसरी बाजू वन्यजीवांसाठी सोडावी. वाट मुरमाची, चांगली दाबलेली व सौम्य उताराची असावी, म्हणजे वृद्धांना आणि चाकाच्या खुर्चीवरील बांधवांनाही पाण्यापर्यंत जाता येईल. पक्षी पाहण्यासाठी झाडीआड बांबूचा आडोसा, बसण्यास सावली आणि काठापासून दूर स्वच्छतागृह, एवढ्या सोयी पुरेशा आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात स्थलांतरित बदके विसाव्यास येतात, तेव्हा मोठे आवाज कटाक्षाने टाळावेत.

आपल्या धर्मग्रामांच्या व शाळांच्या सहली अशा जलाशयांवर जातात. जाताना मुलांना दोन गोष्टी अवश्य दाखवाव्यात : उघड्या उतारावरून आलेले गढूळ पाणी आणि गवतातून झिरपून आलेले निवळ पाणी. तो फरक ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिला, त्याला झाडाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.