त्रिकोणी डोंगराला बंदी

पाटण तालुक्यातल्या कुठल्याही मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि काठावर एक नारळाचं झाड. खिडकीबाहेर बघितलं तर त्रिकोणी काहीच दिसत नाही. इथले डोंगर माथ्यावर सपाट, जांभ्या दगडाचे सडे. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा. नारळ मात्र शोधत फिरावं लागेल.

वन्यजीव सप्ताहात, म्हणजे १ ते ७ ऑक्टोबरला, शाळेत मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवणारे चित्रकलेचे एक सर माझ्या ओळखीचे आहेत. मांडणीच्या वेळी मी त्यांच्या हाताखाली होतो. त्यांचे नियम थोडे आणि कडक. त्रिकोणी डोंगर चालणार नाही. चित्राखाली घोषवाक्य नको. त्याऐवजी गाव, जागा आणि महिना लिहायचा. आणि रडणारी पृथ्वी कुणी काढली तर कागद परत. ‘दर वर्षी तीच पृथ्वी रडते, आणि दर वर्षी सगळे माना डोलावतात,’ असं ते म्हणाले. मला हे पटलं. ‘झाडे लावा’ या पाटीशी आजवर कुणी भांडलेलं नाही आणि ती वाचून कुणी जागचा हललेलाही नाही.

मग काढायचं काय? सर मुलांना उन्हाळ्यात माळावर नेतात, बसवतात, बघायला लावतात आणि कागद हातात न देता परत आणतात. चित्र दुसऱ्या दिवशी, वर्गात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे स्मरणचित्र मुलांना ठाऊक असतं. पण तिथे बाजार, जत्रा, बसस्टँड यांचे साचे पाठ झालेले असतात. इथे साचा नसल्यामुळे आधी सगळ्यांची पंचाईत होते.

वणव्याची चित्रं त्यातूनच आली. गवत वाळलं की इथले माळ पेटतात. कुणी विडीचं थोटूक टाकतं, कुणी जाणूनबुजून काडी लावतो, कारण जाळलं की पावसाळ्यात गवत जोमानं येतं हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. जळलेल्या कारवीच्या काड्या सरांनी मुलांना वेचायला लावल्या. उघड्यावर जळलेली काडी चांगला कोळसा देत नाही. अर्धी राख, अर्धी कच्ची, कागदावर ओरखडते. म्हणून त्यातल्या जाडसर कच्च्या काड्या पत्र्याच्या डब्यात गच्च बंद करून पुन्हा चुलीत भाजल्या. हवा न लागता भाजलेली काडी मऊ, काळीभोर रेघ देते. ज्या माळाचं चित्र, त्याच माळाचा कोळसा. प्रदर्शनात हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण मुलं येणाऱ्या प्रत्येकाला धरून सांगत होती.

मांडणीला बोर्ड नव्हते. बाकं उभी केली, सुतळ्या ताणल्या, कपड्यांचे चिमटे लावले. ऑक्टोबरच्या दमट हवेत कागदाची टोकं वळतात, म्हणून प्रत्येक चित्राला खालून बांबूची कामटी. लावण्याचा क्रम वयानुसार किंवा बक्षिसानुसार नव्हता, खोऱ्यानुसार होता. एक सुतळी कोयनेची, एक केरेची. दोन्ही दाराशी येऊन मिळायच्या, कारण पाटणला या नद्यांचा संगम आहे. कोयनेच्या सुतळीवरून चालत गेलं की येराड, हेळवाक, मग धरण. माणूस आत येऊन आधी आपलं गाव शोधतो. तिथे पोचला की थांबतो.

थांबल्यावर बोलतो, हेच मला बघायचं होतं. धरणाच्या भिंतीची चित्रं कौतुकानं बघून लोक पुढे सरकत. १९६७च्या भूकंपाचं, आजोबांकडून ऐकून काढलेलं चित्र म्हातारी माणसं नीट न्याहाळत. डोंगराला वरपासून खालपर्यंत तांबडा पट्टा दाखवलेल्या एका चित्राखाली ‘जुलै २०२१’ एवढंच होतं. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे त्या महिन्यात दरडी कोसळून माणसं गेली. तिथे कुणी काही विचारलं नाही.

वणव्यापाशी मात्र वाद पेटला. ‘ह्यो तर आमचाच माळ. कुणी लावला हो?’ एका मावशींनी विचारलं आणि मागून उत्तर आलं, ‘सगळ्यांस्नी म्हाईत हाय.’ एक म्हसरं राखणारे काका तडकले. ‘न्हाई जाळलं तर कवळं गवात येतंय का? म्हशीला काय कागूद घालू?’ त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आगीनंतरचे कोंब कोवळे असतात खरे. पण सड्यावर माती वितभरही नसते. गवताचं आवरण गेलं की पहिल्या पावसात ती वाहून जाते. लावा-चंडोलांसारखे पक्षी जमिनीवरच घरटं करतात, त्यांचं काय होतं ते वेगळंच. सरांनी हे सांगितलं, पण काकांना गप्प केलं नाही.

चित्रांनी चळवळ होते का, असं विचारणाऱ्यांना मी गोव्याचं मोले सांगतो. २०२०पासून ‘आमचे मोले’ मोहिमेत चित्रकारांनी त्या जंगलातले जीव रंगवले आणि ज्यांनी मोले पाहिलंही नव्हतं अशांपर्यंत ते जंगल पोचवलं. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जंगलातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. निकाल चित्रांमुळे लागला नाही. याचिका, शास्त्रज्ञ आणि तज्ज्ञ समितीचा अहवाल त्यामागे होता. चित्रांनी माणसं जमवली.

पाटणचा आवाका त्याहून फार लहान. कोयना अभयारण्य २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, पण गावाच्या मालकीचा माळ त्या यादीत येत नाही. तो गावानेच राखायचा. प्रदर्शन उतरवताना तीच चर्चा चालली होती. गवत वाळण्याआधी जाळरेषा काढायची, म्हणजे गवत कापून आग अडेल असा मोकळा पट्टा राखायचा. कुठून कुठपर्यंत, ते ठरवायला मुलांची चित्रं जमिनीवर पसरली होती. काका मधोमध उकिडवे बसले होते. पाणवठ्याकडचा तुकडा चरायला मोकळा राहणार असेल तरच आपण विळा घेऊन येऊ, हे त्यांनी दोनदा बजावलं. सरांनी खडूनं तेवढा तुकडा वगळून रेघ पुन्हा आखली.