फोटो नुसता बघू नका, वाचा!

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, फोटोसुद्धा 'वाचता' येतो बरं का!

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ साली 'द फॅमिली ऑफ मॅन' हे छायाचित्र प्रदर्शन भरले. एडवर्ड स्टायकेन यांनी ६८ देशांतले ५०३ फोटो जन्म, खेळ, काम, मृत्यू असे विषयवार मांडले. सांगणे एकच: माणूस इथूनतिथून सारखाच.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्त यांना ते पटले नाही. मूल सगळीकडेच जन्मते. पण ते जगेल की नाही, हेही सगळीकडे सारखेच असते का?

म्हणून पुस्तकातला फोटो दाखवताना मुलांना दोन प्रश्न विचारा. यात काय दिसतंय? आणि काय दिसत नाही? दुसऱ्या उत्तराला वेळ लागतो. लागू द्या, आपण सांगून टाकू नका.