विज्ञान प्रदर्शनासाठी ॲसिड कशाला? प्रयोगाचं सामान गावातच मिळतं

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं की मुलं 'केमिकल कुठं मिळेल?' म्हणून बाजारात फिरू लागतात. कुणी दुकानात ॲसिड मागतं, कुणी शेतातल्या औषधाच्या बाटल्या शोधतं. घरी करायच्या प्रयोगांना यातलं काहीच लागत नाही. मग काय, कुठून घ्यायचं?

किराणा दुकान : हळद, लिंबू, तुरटी. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवा. त्यावर चुन्याचं पाणी टाकलं की तो लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो, याचं उत्तर हेच. तुरटी गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, गाळा आणि भांडं न हलवता ठेवा. काही दिवसांत स्फटिक दिसतील.

पानटपरी : खायचा चुना. पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी काढून घ्या. नळीनं हळू फुंकलं की ती दुधासारखी होते. हा श्वासातला कार्बन डायऑक्साइड. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. कळीचा चुना मात्र नको. पाणी पडताच तो खदखदतो, डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते.

मेडिकल : टिंक्चर आयोडीन. कापलेल्या बटाट्यावर थेंब टाका, डाग निळा-काळा झाला म्हणजे त्यात स्टार्च आहे.

हे आणू नका

ॲसिड : 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार 18 वर्षांखालच्यांना ॲसिड विकता येत नाही. मोठ्यांनाही ओळखपत्र दाखवावं लागतं.

मोरचूद : फवारणीसाठी मिळतो, निळा रंग मुलांना आवडतो, पण पोटात गेला तर विष.

टीसीएल पावडर : विहिरीत टाकायची ही पावडर संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळली तर क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीवावर बेतू शकतो.

पालकांनो, प्रयोगाचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू देऊ नका. धाकटं लेकरू तेच तोंडाला लावतं. डोळ्यात काही उडालं तर लगेच स्वच्छ पाण्यानं किमान 15 मिनिटं धुवा, मग दवाखाना गाठा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.