बैठक आणि वही

मन्नाएखेळ्ळीसारख्या गावी बैठक म्हटली की ती कचेरीतील साहेबलोकांची, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु स्त्रियांच्या बचत गटाची बैठक हीही कामाचीच बैठक होय. तेथे घामाचा पैसा असतो. म्हणून तेथे वाया गेलेला तास अधिक महाग पडतो.

या गटांचे एक मूळ आपल्या कर्नाटकातच आहे. मोठ्या सहकारी सोसायट्या मोडल्यावर त्यांतून निघालेल्या लहान गटांना 'मायराडा' या संस्थेने १९८०च्या दशकात हात दिला. १९९२ साली नाबार्डने असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. गटात १० ते २० सभासद असावेत हा दंडक आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. वीसजणींत प्रत्येकीस बोलता येते. पन्नासजणींत चौघीच बोलतात.

गटाच्या पंचसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड आणि हिशेब यांच्याआधी नियमित बैठक येते. पैसे सर्वांसमक्ष मोजले जातात व वही मोठ्याने वाचली जाते, तेव्हा अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा कानांनी हिशेब तपासते. घरोघर फिरून पैसे गोळा करू लागले की वही एकीच्या हाती जाते, आणि मग संशयास वाट मिळते. कर्ज कोणास द्यावे हा प्रश्न तर सर्वांत नाजूक. एकीस मृगापूर्वी तुरीचे बियाणे हवे, दुसरीचे मूल दवाखान्यात. अशा वेळी गरज उघड सांगावी, सर्वांनी ऐकावी, आणि नाव, रक्कम व परतफेडीचा दिवस उठण्यापूर्वीच वहीत लिहावा. आपल्या सीमाभागात तो ठराव कानडीत व मराठीत, दोन्ही भाषांत वाचून दाखवणे अगत्याचे. नाहीतर अर्ध्याजणी नुसत्या मान हलवतात.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात यरुशलेमची सभा वर्णिली आहे. परराष्ट्रीय श्रद्धावंतांवर मोशेचे नियमशास्त्र लादावे काय, यावर तेथे पुष्कळ वाद झाला. संत पेत्र बोलला. मग बर्णबा व पौल यांचे अनुभव सर्वांनी निमूटपणे ऐकले. याकोबाने निर्णय मांडला. तो पत्रात लिहून यहूदा व सीला यांच्या संगती अंत्युखियास धाडला गेला, आणि त्या दोघांनी तेथील मंडळीस तो तोंडीही सांगावा असे ठरले. गैरहजर सभासदाच्या घरी ठराव कळवण्यास आमचे गट कोणास पाठवतात?